एक बस बदलून

बस चौकातल्या थांब्याला लागली तेव्हा तो मागून तिसऱ्या खिडकीशी बसला होता. मांडीवर लाकडी पाटी, पाटीला चिमट्याने अडकवलेला तक्ता, डाव्या मुठीत ऑफिसचं स्टॉपवॉच. वेळापत्रक खात्यातल्या माणसाला वर्षातून दोनदा असं गाडीत बसून प्रत्येक थांब्याची मिनिटं टिपावी लागतात. खुर्चीत बसून आखलेली वेळ आणि रस्त्यावरची वेळ यांचं सूत जमतं का ते बघायला. आजवर ते कधी जमलं नव्हतं, पण तक्ता भरायचा असतो. त्याने पेन्सिल टेकवली आणि सहज बाहेर पाहिलं, तर थांब्याच्या खांबाला धरून अण्णा उभे. त्याचे वडील. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, काखेत पेन्शनच्या कागदांची पिशवी. गाडीच्या कपाळावर हातभर उंचीचा आकडा होता, सत्तावीस, काळ्यावर पिवळा. अण्णा मान वर करून त्या आकड्याकडेच पाहत होते आणि ड्रायव्हरला विचारत होते, "चौदा का हो ही?" ड्रायव्हरने हाताने नाही म्हटलं. तो हातही अण्णांना दिसला नसावा, कारण त्यांनी पुन्हा विचारलं, आणि दारातला एक माणूस खेकसला, "सत्तावीस, आजोबा, सत्तावीस! दिसत नाही का?" अण्णा मागे सरले. सरताना त्यांचा चेहरा खिडकीसमोर आला, अगदी दोन हातांवर. ते थेट त्याच्याकडे पाहत होते. हसले नाहीत, कपाळाला आठी घातली नाही, काही नाही. भिंतीकडे बघावं तसं बघितलं आणि मागच्या गाडीकडे वळले. "चौदा का?" ती एकतीस होती. 'अण्णा' ही हाक त्याच्या घशापर्यंत आली होती. नुसती मान बाहेर काढायची, खाली उतरायचं, हाताला धरून चौदामध्ये बसवून द्यायचं. इतकं सोपं काम होतं. तो बसून राहिला. घंटा झाली, गाडी हलली, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की चौकाचा रकाना कोरा राहिलाय. दोन थांबे गेल्यावर त्याने तिथे चार सेहेचाळीस असं लिहून टाकलं, अंदाजाने. अठरा वर्षांच्या नोकरीत त्याने अंदाजाने लिहिलेला हा पहिला आकडा.

अण्णा चौतीस वर्षं कंडक्टर होते. नुसत्या इंजिनाच्या खोकल्यावरून कुठली गाडी, कुठल्या डेपोची ते सांगायचे. आणि तो माणूस हातभर आकडा वाचू शकत नव्हता. मग हे रोज आपल्या घरी येतात कसे, हा प्रश्न त्याला पडला, आणि पेशाच असा की उत्तर शोधायला त्याला अर्धा थांबासुद्धा लागला नाही. अण्णा राहतात त्या कामगार वसाहतीच्या तोंडाशी चौदाचा पहिला थांबा आहे. तिथून दुसरी गाडीच सुटत नाही. वाचायचं काय? गाडी उभी असते, चढायचं. मग चौक, मग पूल, मग अकराव्या थांब्याला उतरायचं. समोर मुलाचं भाड्याचं घर. वळणं पोटात पाठ झालेली. म्हणून आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज कागदांपायी चौकातून गाडी पकडायची वेळ आली आणि मूठ उघडी पडली, तीही नेमकी त्याच्यासमोर. त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं, छातीत बोट खुपसल्यासारखं. पण त्याच्या पाठोपाठ, जवळजवळ त्याच्या खांद्यावर पाय देऊन, दुसराच एक विचार आत आला आणि बसला: म्हणजे जिथे जायला गाडी बदलावी लागते, तिथे अण्णा एकटे येऊ शकणार नाहीत.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा अण्णा खिडकीपाशी आपल्या खुर्चीत होतेच. आई गेल्यापासून तीन वर्षं ते रोज पाचच्या आधी येत आणि सातला जात. बाहेर चपला काढताना त्याला आतलं हसणं ऐकू आलं, बायकोचं आणि आठ वर्षांच्या ठकूचं; अण्णा काहीतरी जुनं सांगत असावेत. तो आत गेला आणि हसणं थांबलं. कोणी मुद्दाम थांबवलं नव्हतं, पण थांबलं. "आज चौकात अर्धा तास चौदा आली नाही," अण्णा म्हणाले. "झोपा काढता काय रे तुम्ही ऑफिसात?" त्या अर्ध्या तासात चौकातून तीन चौदा गेल्या असणार, हे त्याला तोंडपाठ होतं. तो म्हणाला, "असेल काहीतरी घोळ." "घोळ तर आहेच. आमच्या वेळी..." पुढचं तोही म्हणू शकला असता. रोज काहीतरी असायचंच: सहाची दोन मिनिटं उशिरा आली, साडेपाचची रिकामी गेली, वेळापत्रक करतो कोण, गाढव? करणारा समोर उभा असायचा. यात चेष्टाही होती, तो हसायचाही. पण घरात शिरताना आपण कोणालातरी पास दाखवून आत येतोय असं त्याला रोज वाटायचं. रोज.

आणि पास म्हटलं की ती गोष्ट आठवायचीच. तो अकरा वर्षांचा असताना शाळेतून येताना अण्णांच्याच गाडीत चढला होता. पास दुसऱ्या दप्तरात राहिलेला. अण्णा तिकिटं फाडत त्याच्यापर्यंत आले आणि ज्या आवाजात पुढच्या बाईला विचारलं त्याच आवाजात त्याला म्हणाले, "पास?" तो म्हणाला, "घरी राहिला, अण्णा." त्याला वाटलं, अण्णा म्हटल्यावर झालं. अण्णांनी घंटा ओढली. "उतर." लोक बघत होते. कोणीतरी म्हणालं, लहान आहे हो, जाऊ द्या. आणि अण्णा म्हणाले, नियमाला लहानमोठं नसतं. तो सात थांबे चालत घरी गेला. चालण्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. त्याचा जीव गेला तो नंतर, अण्णांच्या निरोप समारंभात. तेव्हा तो खात्यात लागलेला होता, तिसऱ्या रांगेत बसला होता. अण्णा माईकवर म्हणाले, "मी माझ्या पोरालासुद्धा गाडीतून उतरवलंय. विचारा, इथेच बसलाय." सगळं सभागृह वळून बघायला लागलं आणि टाळ्या वाजल्या. तोही हसला, त्यानेही टाळ्या वाजवल्या. आपण टाळ्या का वाजवल्या हे त्याला अजून कळलं नव्हतं.

अण्णा गेल्यावर बायकोने टेबलावर शहराचा नकाशा पसरला. घरमालकाचा मुलगा परत येणार होता, दोन महिन्यांत जागा सोडायची होती, आणि आता भाड्याचं पुरे, आपलंच घ्यायचं असं दोघांचं ठरलं होतं. शहरात घ्यायची ऐपत नव्हती. उरली उपनगरं, आणि चाळून चाळून त्यातली दोन उरली: एक गिरणीमागचं, एक कालव्याकाठचं. दोन्हीकडच्या जागा तेवढ्याच खोल्यांच्या, तेवढ्याच ऐपतीच्या. कालव्याकाठच्या घराचा एजंट सोमवारपर्यंत हो की नाही सांगा म्हणून मागे लागला होता. "गिरणीमागे चौदा थेट जाते," बायको म्हणाली. "शेवटचा थांबा. अण्णांना बरं. आज इथे उतरतात, उद्या आणखी नऊ थांबे बसून राहतील, एवढंच." ती कोर्टात स्टेनो होती. दिवसभर साक्षीदारांचं बोलणं उतरवून घ्यायची, आणि म्हणायची की खोटं बोलणारा अडखळत नाही. खरं बोलणारा अडखळतो. हे आठवून तो मुद्दाम थोडा थांबला. मग म्हणाला, "गिरणीमागे गाड्या वळायची जागा खिडकीखालीच आहे. पहाटे साडेचारपासून धडधड. कालव्याकडे हवा आहे, ठकूची शाळा चालत जायच्या अंतरावर आहे." "आणि अण्णा?" "एक बस बदलली की झालं. चौकात उतरायचं, सत्तावीस घ्यायची. अर्धं शहर रोज चौकात बस बदलतं." "त्यांचं वय..." "अगं, त्यांची हयात गेली त्या गाड्यांत. हातच्या काकणाला आरसा कशाला?" शब्दन् शब्द खरा होता. वेळापत्रक खात्यातला माणूस गाड्यांबद्दल सांगतोय म्हटल्यावर कोण उलट तपासणी घेणार? बायकोने कालव्याकाठी पेन्सिलीने गोल काढला, आणि मग कशी कोण जाणे, त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

शुक्रवार, शनिवार असेच गेले, दुखरा दात जिभेने चाचपावा तसे. ऑफिसात तो समोरच्या भिंतीवरच्या मार्गांच्या जाळ्याकडे बघायचा आणि त्याला त्यात एकच रेष दिसायची, वसाहत ते चौक, आणि चौकातून पुढे काहीच नाही. हे सूड घेणं आहे का, असं त्याने स्वतःला विचारून पाहिलं. नव्हतं. सूड घ्यायला दम लागतो, तो त्याच्यात कधीच नव्हता. त्याला फक्त संध्याकाळी घरी येऊन, चपला काढून, कोणी न तपासता आत जायचं होतं. ठकूला आपणही काहीतरी जुनं सांगावं, आपल्याही बोलण्याला बायकोने तसं हसावं. एवढंसं मागणं. त्यात वाईट काय? आणि आपण अण्णांना काही अडवत नाही. आपण न्यायला जाऊ की, रविवारी. महिन्यातल्या दोन रविवारी. एखाद्या. इथपर्यंत आल्यावर त्याला खांबाला धरलेला तो हात दिसायचा, आणि तो उठून पाणी प्यायला जायचा. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा कारकून म्हणालासुद्धा, "काय रे, घर घेतोयस की पोट बिघडलंय?" "दोन्ही एकच," तो म्हणाला आणि सगळे हसले. बायकोला सांगून टाकावं, असंही एकदा मनात आलं. अण्णांना दिसत नाही, डॉक्टरकडे नेऊ. पण मग ती विचारणार, तुला कधी कळलं? कुठे? आणि मग तू काय केलंस?

रविवारी कालव्याकाठचं घर बघायला निघाले तर बायकोने अण्णांनाही बरोबर घेतलं. "घरातल्या मोठ्या माणसाने बघावं," ती म्हणाली, आणि अण्णा आधीच्याच गाडीने येऊन दारात उभे होते, खिशाला पेन लावून. चौकात उतरल्यावर त्याचं सगळं अंग डोळे झालं. अण्णांनी ठकूचा हात धरला होता. समोरून गाड्या येत होत्या आणि ठकू ओरडत होती, "एकतीस! आठ! पाच!" अण्णा म्हणत होते, "शाब्बास. पुढची?" "सत्तावीस!" "चला मग," अण्णा म्हणाले आणि रुबाबात सगळ्यांच्या आधी पुढे झाले. "हा काय खेळ?" त्याने विचारलं. "आमचा आहे," ठकू म्हणाली. "नंबर-नंबर. आजोबांनी ओळखायचा नाही, मी ओळखायचा." गाडीत तो त्या दोघांच्या मागे बसला. समोर अण्णांची मान होती, वस्तऱ्याने नीट साफ केलेली, मध्ये राहून गेलेले चार पांढरे केस. एवढासा आधार त्या माणसाने स्वतःसाठी शोधून ठेवला होता, खेळ म्हणून, कोणाकडे न मागता. त्याला राग आला. कोणाचा ते कळेना, पण आला.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. इमारत नवी, लिफ्टच्या जागी अजून फळ्या ठोकलेल्या, जिन्यात दिवे नाहीत. एजंट किल्ल्यांचा जुडगा वाजवत पुढे. आत मात्र उजेडच उजेड. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली आणि तिचा चेहराच बदलला. खाली कालव्याचं पाणी संथ चाललं होतं. "इथे ओटा, इथे माझं टेबल," ती म्हणाली. तिला घर आवडलं होतं. ठकू रिकाम्या खोल्यांतून आपलाच आवाज ऐकत पळत होती. अण्णांनी भिंतीला हात लावून पाहिला, नळ सोडून पाहिला, दाराची कडी दोनदा ओढली. मग ते मागच्या गॅलरीत गेले. तो त्यांच्या मागे गेला. गॅलरीसमोर दुसऱ्या इमारतीचं काम चालू होतं आणि भोवती उंच पत्रे उभे केले होते, हिरव्या रंगाचे. अण्णांनी कठड्यावर हात ठेवले, लांब श्वास घेतला. "झाडी छान आहे हो," ते म्हणाले. त्याने पत्र्यांकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "तू निवडलंस हे?" "दोघांनी." "तू निवडलंस," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात विचारणं नव्हतं, रागही नव्हता. थोडा वेळ दोघंही त्या झाडीकडे बघत उभे राहिले. मग अण्णा म्हणाले, "चांगलं आहे. माणसाचं घर जरा लांबच असावं."

ते आत आले तेव्हा एजंट पावती-पुस्तक काढून उभा होता. बायको म्हणाली, "अण्णा, तुमच्यासमोर एकदा विचारते. तुम्हाला इकडे यायला जमेल ना? चौकात गाडी बदलावी लागेल." तो खिडकीशी होता. अण्णा हसले. "न जमायला काय झालं? चौतीस वर्षं लोकांना गाड्या बदलून दिल्या, मला स्वतःला बदलता येणार नाही? चौकात उतरायचं, सत्तावीस पकडायची. डोळे मिटून येईन." झालं होतं. त्याला हवं ते अण्णांनी स्वतःच्या तोंडाने देऊन टाकलं होतं. तोंड उघडायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प राहायचं, आणि गप्प राहणं ही काय त्याला नवी गोष्ट होती? खरं सांगायचं तर इथे, सुनेसमोर, एजंटसमोर, नातीसमोर सांगायचं: यांना गाडीचा नंबर दिसत नाही. म्हणजे भर गाडीत घंटा ओढायची आणि त्यांना उतरवायचं. नाही सांगितलं तर हा माणूस पाचच्या आधी कामगार वसाहतीत चौदाच्या थांब्यावर येऊन उभा राहील आणि कुठेच जाणार नाही. तेवढ्यात ठकू धावत आली. "पण आजोबा, मी नसले तर नंबर कोण सांगणार तुम्हाला?" "अगं, तो खेळ," अण्णा म्हणाले, पण अडखळले. बायकोने मान वर केली. कोर्टात साक्षीदार बोलता बोलता थबकला की तिचा चेहरा जसा होत असेल तसा तो झाला. ती अण्णांकडे बघायला लागली, त्यांच्या डोळ्यांकडे, आणि आता ती विचारणार, हे त्याला दिसलं.

"सत्तावीस बंद होतेय," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. "म्हणजे?" बायको म्हणाली. "बंद. सहा महिन्यांत. मग इकडे यायला गाडीच नाही." एजंट उसळलाच. "साहेब, काहीतरीच काय बोलता! त्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. भरलेली गाडी कोण बंद करतं?" बायकोने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "आणि हे तू आत्ता सांगतोयस? नकाशा काढून बसलो होतो तेव्हा?" "ऑफिसची गोष्ट बाहेर बोलता येत नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज जराही अडखळत नव्हता, आणि ही खूण तिला पाठ आहे हे त्याला माहीत होतं. "तुला नक्की माहीत आहे?" "मीच होतो तपासणीला. गुरुवारी. सत्तावीसमध्ये बसून टिपणं घेतली. पावणेपाचला चौकात होतो." हे तो बायकोला सांगत होता, पण बघत अण्णांकडे होता. अण्णांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, पेन चाचपलं, तिथेच राहिला. गुरुवार त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. पोचला. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग इतका म्हातारा झाला की त्याला वाटलं आपण बोललो नसतो तर बरं. "अण्णा, तुम्हाला काय वाटतं?" बायकोने विचारलं. "भरलेली गाडी बंद करतात कधी?" चौतीस वर्षं ज्याने नियमाला लहानमोठं मानलं नाही, तो माणूस घसा साफ करून म्हणाला, "करतात. सर्रास करतात. ऑफिसातल्या लोकांना अक्कल असती तर आणखी काय हवं होतं?" आणि मग जरा थांबून, "तो म्हणतोय तर खरंच असणार."

बायको एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. ती बाई रोज दहा साक्षी उतरवते. तिला काय कळायचं ते कळलं असणार. तिने खिडकीतून कालव्याकडे एकदा शेवटचं पाहिलं, ओटा येणार होता त्या जागेवर हात फिरवला. "बरं," ती एजंटला म्हणाली. "माफ करा. आम्ही गिरणीमागचं घेतोय." एजंट काय काय पुटपुटत दार लावायला लागला. ठकू आणि बायको पुढे गेल्या. त्यांच्या पायांचा आवाज खाली खाली जायला लागला. त्याला वाटलं होतं, हे झाल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. उलट रोजचे ते दोन तास, ती खुर्ची, ते थांबणारं हसणं, सगळं आता पक्क्या भिंतींच्या घरात, वर्षानुवर्षांसाठी येऊन बसलं होतं आणि ते त्याने स्वतःच्या तोंडाने आणलं होतं. बायकोची ती खिडकी गेली होती, आणि ती आज ना उद्या विचारणारच होती. त्याला भीती वाटली, अगदी लख्ख. तो जिन्याशी आला. अंधार होता. मागून अण्णा आले, पहिल्या पायरीशी थांबले, पाय पुढे करून मागे घेतला. मग त्यांच्या हाताने हवेत शोधाशोध केली आणि त्याचं कोपर पकडलं, घट्ट, बोटं रुततील इतकं. आयुष्यात त्यांनी त्याला असं कधी धरलेलं त्याला आठवत नव्हतं. तो एक पायरी उतरला आणि थांबला; ते उतरले. पुन्हा एक. पुन्हा एक. वळणावर अण्णांना वाटलं जिना संपला, त्यांनी सपाट जमीन समजून पाय टाकायला घेतला.

"सावकाश," तो म्हणाला. "अजून एक आहे."